किंग, रुआ की देझार्दँ?

वाचकाचं पत्र: माझं सासर अमेरिकेतलं, आडनाव किंग. सासऱ्यांना पुढच्या वर्षी ८० पूर्ण होतील, तेव्हा त्यांच्या हातात घराण्याची वंशावळ द्यायची आहे. त्यांचे आजोबा कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्विबेकहून इथे मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या कापडगिरणीत कामाला आले, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. मला आतापर्यंत तीन गोष्टी सापडल्या. एक, कबरीच्या दगडाचा फोटो. त्यावर आजोबांचं आडनाव किंग, पण खाली त्यांच्या बायकोचं आडनाव भलतंच. दुसरा, सँ-पास्काल गावच्या चर्चमधला १८७६ सालचा आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला. त्यात आडनाव रुआ. तिसरं, आजोबांच्या क्विबेकमधल्या चुलतभावाचं पत्र, त्याखाली आडनाव देझार्दँ. यातलं खरं कोणतं? आजींचं लग्न झालंच नव्हतं का? शिवाय इंटरनेटवर एका तयार वंशावळीत हे घराणं थेट फ्रान्सच्या राजघराण्याला जोडलेलं आहे. ते धरून चालू का?
— एक वाचक, मॅसॅच्युसेट्स

उत्तर: तिन्ही आडनावं खरी असू शकतात आणि बहुधा ती एकाच घरातली आहेत. आजींचं लग्नही रीतसर झालेलं असणार. राजघराण्याचं मात्र तूर्तास मनावर घेऊ नका. 'रुआ' म्हणजे फ्रेंचमध्ये राजा, म्हणूनच अमेरिकेत गेल्यावर त्याचं 'किंग' झालं. पण आडनाव राजा असलं म्हणून घराणं राजाचं होत नाही. क्विबेकमध्ये एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली कितीतरी रुआ घराणी आहेत.

आधी देझार्दँचं कोडं सोडवू. जुन्या क्विबेकमध्ये एका माणसाला दोन आडनावं असणं अगदी रोजचं होतं. दोन्हींच्या मध्ये डी-आय-टी अशी तीन अक्षरं लिहीत. उच्चार 'दी', अर्थ 'ऊर्फ'. बाईच्या नावात शेवटी आणखी एक ई लागतो आणि उच्चार 'दित' होतो. हे दुसरं नाव कुठून येई त्याचे तीन-चार ठरलेले रस्ते होते. फ्रेंच फौजेत शिपायाला टोपणनाव मिळायचं. १६६५ मध्ये कारिन्यां-सालिएर रेजिमेंटचे सुमारे १२०० लोक न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे कॅनडातल्या तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीत, उतरले, त्यातले चारशेच्या आसपास तिथेच जमीन घेऊन राहिले, आणि त्यांची लाफ्लर, लाव्हिओलेत, सांसूसी, जोलिकर अशी नावं मुलानातवंडांना चिकटली. काही नावं मूळ प्रांतावरून पडली: पिकार, लांजव्हँ, नॉर्मां. काही आपल्या वाट्याच्या जमिनीवरून. कधी बापाचं पहिलं नावच पुढच्या पिढीचं आडनाव होई.

तुमच्या बाबतीत 'रुआ दी देझार्दँ' हे जोडनाव चांगलं माहितीतलं आहे. आंत्वान रुआ दी देझार्दँ हा फ्रान्सच्या बुर्गुन्या प्रांतातल्या ज्वान्यी गावचा, कारिन्यां रेजिमेंटमधून आलेला शिपाई. १६६८ मध्ये त्याचं लग्न मारी माजोरशी झालं. वसाहतीत बायकांची संख्या वाढावी म्हणून १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सच्या राजाने आपल्या खर्चाने मुली पाठवल्या होत्या, त्यांपैकी ती एक. त्यांचे वंशज पुढे सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठावर, कामुरास्का भागात पसरले, आणि तुमच्या दाखल्यातलं सँ-पास्काल नेमकं त्याच भागात आहे. १९०० मध्ये लेव्ही इथे क्विबेकची पहिली सहकारी पतपेढी काढणारे आल्फाँस देझार्दँ आज फक्त देझार्दँ म्हणून ओळखले जातात, पण त्यांच्या वडिलांची नोंद फ्रांस्वा रुआ दी देझार्दँ अशी आहे आणि आईची क्लारिस मिव्हिल दी देशेन.

१९व्या शतकाच्या मध्यानंतर दोन्ही नावं लिहिण्याची पद्धत हळूहळू मागे पडली. कुठलं ठेवायचं आणि कुठलं सोडायचं याचा नियम नव्हता. एक भाऊ रुआ राहिला, दुसरा देझार्दँ झाला, एकाच जोडप्याची दोन मुलं चर्चच्या रजिस्टरमध्ये दोन आडनावांनी दिसतात. सीमा ओलांडून गेलेल्याचं त्यात किंग झालं. तेव्हा 'खरं कोणतं' यात अडकू नका. शोध घेताना तिन्ही नावं सोबत ठेवा.

पण अजून एक शक्यता मोकळी ठेवायला हवी. कामुरास्का भागात देझार्दँ नसलेले रुआही आहेत: रुआ दी लोझिए, रुआ व्होअझीन. चुलतभावाच्या पत्रामुळे देझार्दँची बाजू बळकट होते, पण 'चुलतभाऊ' हा शब्द घरात सैल वापरला जातो. तो आईकडून किंवा आजीकडून नातलग असेल तर अंदाज कोसळतो. म्हणून पत्राला पुरावा न मानता दिशा दाखवणारी खूण माना.

आता आजी. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, त्यामुळे दगडावरचं वेगळं आडनाव पाहून मनात शंका येणं साहजिक आहे. फ्रेंच कॅनडात बाई जन्माच्या आडनावाने जगते आणि त्याच नावाने जाते. बाप्तिस्मा, लग्न, मुलांच्या बाप्तिस्म्यात आई म्हणून, शेवटी दफन, सगळीकडे माहेरचंच आडनाव, आणि फार तर पुढे 'अमक्याची पत्नी' किंवा 'अमक्याची विधवा'. गावात तिला नवऱ्याच्या नावाने हाक मारत असतीलही, पण रजिस्टरला ते मान्य नव्हतं. १९८१ पासून तर क्विबेकच्या कायद्यानेच लग्नानंतर जन्मनाव कायम राहतं. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे तुमच्या मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या राज्यांतल्या, फ्रेंच कबरस्तानांतही हीच रीत दगडावर उतरलेली दिसते. याचा तुम्हाला फार मोठा फायदा आहे. इंग्रजी वंशावळीत बायका लग्नानंतर दिसेनाशा होतात, इथे त्या अडीचशे वर्षं स्वतःच्या नावाने सापडतात.

म्हणून या कामाचा कणा एकच: आडनाव धरून मागे जाऊ नका, जोडपं धरून जा. 'रुआ' शोधलंत तर हजारो सापडतील. 'रुआ, आणि त्याची बायको अमुक माहेरची' असं शोधलंत तर एकच जोडपं हाती येईल. क्विबेकच्या कॅथलिक विवाहनोंदीत वधू आणि वर दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आया माहेरच्या नावानिशी. एक लग्न सापडलं की आधीच्या पिढीची दोन जोडपी मिळतात. त्यातलं वराचं जोडपं घ्या, त्यांचं लग्न शोधा, पुन्हा तेच. १८७६ पासून १६६५ पर्यंत जायला अशी सात-आठ लग्नं लागतील. बाप्तिस्मा आणि दफन हा जोडपुरावा. तो आवश्यक आहे, पण पिढी चढायची ती लग्नावरूनच.

सुरुवात लोवेलपासून करा. १८७६चा दाखला सासऱ्यांच्या आजोबांचाच आहे हे अजून सिद्ध व्हायचंय, आणि ही पहिली कडी चुकली की वरचं सगळं दुसऱ्याच घराण्याचं होतं. त्यासाठी आजोबांच्या लग्नाची नोंद मिळवा. मॅसॅच्युसेट्समध्ये १८४१ पासून राज्यपातळीवर जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी आहेत आणि विवाहनोंदीत दोघांच्या आईवडिलांची नावं असतात. तेच लग्न फ्रेंच पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) लागलं असेल तर चर्चची नोंदही मागवा. सरकारी कारकुनाने किंग लिहिलं असेल तिथे फ्रेंच पाद्री रुआ लिहितो, आणि कधी कधी मूळची पॅरिशही नमूद करतो. या दोन्ही नोंदींतले आईवडील आणि दाखल्यातले आईवडील जुळले की पहिली कडी पक्की. मृत्युनोंदीवर विसंबू नका. तिथली माहिती मुलाने किंवा जावयाने दिलेली असते, आणि त्याने आजा-आजीला पाहिलेलंही नसतं.

अमेरिकेची १९०० ची जनगणना काढा. तिच्यात जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, आणि देशात कोणत्या साली आले, हे रकाने आहेत. १८९०ची शोधू नका, ती आगीनंतर जवळजवळ सगळी नष्ट झाली. किंग म्हणून सापडले नाहीत तर आडनावाचा रकाना रिकामा ठेवून पहिलं नाव, वय आणि जन्मस्थान कॅनडा यांवर शोधा. गणना करणारा इंग्रजी बोलणारा, ऐकू येईल तसं लिहिणारा. ओळखी न पटणारी स्पेलिंगं भेटतील. फ्रेंच नावांची तीन प्रकारची रूपांतरं झाली: भाषांतर (रुआचं किंग, ब्वाव्हेरचं ग्रीनवुड, लब्लांचं व्हाइट), कानाने लिहिलेलं (आर्शांबोचं शँबो, तिबोचं टीबो), आणि जवळपासचं इंग्रजी नाव ओढून लावलेलं. देझार्दँचं गार्डनर झालेलं दिसलं तरी दचकू नका. क्विबेकच्या बाजूला कॅनडाची १८८१ची जनगणना पाहा. त्यात हा मुलगा चार-पाच वर्षांचा, आईवडील आणि भावंडांसकट भेटायला हवा. त्या घरातली भावंडं टिपून ठेवा, पुढे उपयोगी पडतात.

यानंतर क्विबेकची पॅरिश रजिस्टरं. १६२१ पासूनची ही रजिस्टरं म्हणजे या देशाची स्मृती आहे, आणि ती इतकी चांगली टिकण्यामागे एक साधी सक्ती आहे: दोन प्रती. फ्रान्सच्या १६६७च्या वटहुकमाने पाद्र्यांना रजिस्टर दोन प्रतींत ठेवणं भाग पडलं, एक चर्चमध्ये, दुसरी न्यायालयात. चर्च जळालं तरी दुसरी प्रत वाचायची. त्याआधी, १६४० मध्ये, क्विबेक शहरातलं चर्च जळालं तेव्हा आधीच्या नोंदी लोकांना विचारून, आठवणीवर पुन्हा लिहाव्या लागल्या. म्हणून त्या वर्षापूर्वीच्या तारखा सांभाळून वापरा. हीच रजिस्टरं १९९३ अखेरपर्यंत सरकारी नोंदवहीचंही काम करत.

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर या रजिस्टरांची छायाचित्रं फुकट पाहता येतात. ड्रुआं संस्थेने १९४०च्या दशकात केलेला सूक्ष्मचित्रांचा (मायक्रोफिल्मचा) संग्रह तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि अँसेस्ट्री या दुसऱ्या संकेतस्थळावर आहे, वर्गणी भरून. माँट्रियल विद्यापीठाचा पीआरडीएच प्रकल्प १९६६ पासून या नोंदी एकमेकींशी जोडून कुटुंबं उभी करतो आहे, आणि १८५०च्या आधीसाठी त्याच्याइतकं भरवशाचं काही नाही. थोडी वर्गणी भरा, पैसे वाया जाणार नाहीत. तिथे 'रुआ' टाकलं की त्याच्याशी जोडलेली दी-नावंही पुढे येतात. तांग्वे नावाच्या पाद्र्याचा १८७१ ते १८९०चा सात खंडांचा कोश इंटरनेटवर फुकट आहे, म्हणून सगळे तोच उतरवतात. काम प्रचंड आहे, चुकाही पुष्कळ आहेत. १७३० पर्यंतच्या काळासाठी रने जेत्ते यांचा १९८३चा कोश त्याहून पुष्कळ काटेकोर.

एक विवाहनोंद कशी वाचायची ते जवळून पाहू, कारण सगळ्या एकाच साच्यातल्या असतात आणि साचा कळला की फ्रेंच न येताही काम भागतं. समासात एम अक्षर, क्रमांक आणि दोघांची आडनावं. बी म्हणजे बाप्तिस्मा, एस म्हणजे दफन. मजकुराची सुरुवात तारखेने, आणि ती आकड्यांत नाही, अक्षरांत: 'सन एक हजार आठशे...'. मग रविवारच्या मासला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, लग्न ठरल्याची तीनदा घोषणा झाल्याचं, किंवा एक-दोन घोषणांची सूट मिळाल्याचं. त्यापुढे वराचं नाव, धंदा, पॅरिश, सज्ञान की अज्ञान, बापाचं नाव, आईचं माहेरच्या आडनावासकट नाव, 'एकीकडून'. तसंच वधूचं, 'दुसरीकडून'. शेवटी साक्षीदार आणि सह्या, किंवा सही येत नसल्याचा शेरा.

यात दोन बारकावे सोडू नका. आईच्या किंवा बापाच्या नावाआधी एफ-ई-यू ही अक्षरं असतील तर ती व्यक्ती लग्नाच्या दिवशी हयात नव्हती. म्हणजे दफनाची नोंद त्या तारखेच्या आधी शोधायची, तुमचं निम्मं काम वाचलं. दुसरा बारकावा सज्ञानतेचा: १७८२ पर्यंत सज्ञान होण्याचं वय २५ होतं, नंतर २१. '१७७० मध्ये अज्ञान' असलेला वर २४ वर्षांचाही असू शकतो.

समासातल्या नावावर कधीच थांबू नका. तिथे पाद्री जागेअभावी फक्त 'रुआ' लिहितो आणि आत 'रुआ दी देझार्दँ' असतं, किंवा नेमकं उलट. वर्षअखेरची अनुक्रमणिका समासावरून केलेली असते आणि संगणकातली सूची बरेचदा त्या अनुक्रमणिकेवरून. म्हणून यादीत नाही म्हणजे रजिस्टरमध्ये नाही, असं समजू नका. छायाचित्रं पानापानाने चाळा. लग्न बहुतेक वधूच्या पॅरिशमध्ये लागायचं, तेव्हा वराच्या गावात नसेल तर शेजारच्या पॅरिशमध्ये जा. पहिल्या अपत्याच्या बाप्तिस्म्यापासून मागे सरका. चाळताना आधी जानेवारी-फेब्रुवारी आणि नोव्हेंबर हे महिने बघा. लेंट (ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस) आणि ॲडव्हेंट (नाताळआधीचे आठवडे) या काळात लग्नं लागत नसत आणि उन्हाळ्यात शेतीची कामं असत.

पॅरिशच अचानक संपली असंही होईल. सँ-पास्काल हे तुलनेने नवं गाव, तिथली रजिस्टरं १८२०च्या दशकाच्या अखेरीस सुरू होतात. त्याआधीची लग्नं सँ-लुई-द-कामुरास्काला, जिथली रजिस्टरं १७२७ पासूनची आहेत. त्याहीआधीची रिव्हिएर-वेलला, १६८५ पासून. घराणं कुठेही गेलेलं नसतं, चर्च जवळ आलेलं असतं. कुठल्याही गावाच्या बाबतीत हे मातृ-पॅरिशचं कोष्टक आधी करून घ्या.

नावांची गंमत पहिल्यांदा फार छळते. जवळजवळ प्रत्येक मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि मुलीच्या नावाआधी मारी लावायचे. घरातल्या पाच मुली मारी असतात. हाक मारायचं नाव बहुधा शेवटचं. तुमच्या आजोबांना लोवेलमध्ये जोसेफ म्हणत असतील आणि दाखल्यात जोसेफनंतर आणखी दोन नावं असतील, तर ती दोन्ही शोधून पाहा. मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव देण्याची चाल होती, त्यामुळे बाप्तिस्मा सापडल्यावर लगेच त्याच पॅरिशची पुढच्या पाच-सात वर्षांची दफनं तपासा. १८७६चा दाखला ज्याचा आहे ते बाळ पाळण्यातच गेलं आणि लोवेलला आलेला त्याच नावाचा धाकटा भाऊ, असं घडलेलं असू शकतं.

विधुर किंवा विधवेचं लग्न असेल तर नोंदीत आईवडील नसतात, आधीच्या जोडीदाराचं नाव असतं. तिथे अडून राहू नका, पहिलं लग्न शोधा. तेही हरवलेलं असेल तर नोटरीचे कागद. चर्चमधल्या लग्नाआधी बरीच जोडपी नोटरीकडे विवाहकरार करायची आणि त्यात आईवडिलांसकट डझनभर नातलगांची नावं, नात्यासह, लिहिलेली असतात. मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीत अज्ञान मुलं वयासकट येतात. हे कागद क्विबेकच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, बरेचसे त्यांच्या संकेतस्थळावरही.

चर्चची नात्याची सूट, म्हणजे जवळच्या नात्यात लग्न करायला दिलेली परवानगी, हा आणखी एक खजिना. नोंदीत 'तिसऱ्या अंशाच्या रक्तसंबंधाची सूट' असं असेल तर वधूवरांचे पणजोबा-पणजी एकच. दुसरा अंश म्हणजे आजी-आजोबा एक, चौथा म्हणजे खापरपणजोबा-पणजी. तुमच्या मांडणीत तो समान पूर्वज त्याच जागी यायला हवा. आला नाही, तर कुठेतरी एक लग्न चुकीचं धरलंय. वंशावळीची याहून चांगली परीक्षा नाही.

इंटरनेटवरच्या त्या तयार वंशावळीचं काय करायचं? तिच्यातलं प्रत्येक जोडपं घ्या, लग्नाची तारीख आणि पॅरिश दिली आहे का पाहा, आणि दिली असेल तर ते पान स्वतः उघडा. जिथे नोंद नाही, तिथून वरचं सगळं काढून टाका. आंत्वानच्या पलीकडे फ्रान्समध्ये जायचं असेल तर ज्वान्यी यॉन जिल्ह्यात येतं आणि त्या जिल्ह्याच्या अभिलेखागाराने जुनी रजिस्टरं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. पण तिथली अक्षरं १७व्या शतकातली आहेत, वाचायला वेळ लागेल. सासऱ्यांच्या वाढदिवसापर्यंत ते व्हायलाच हवं असं नाही.

सासऱ्यांना देण्याच्या प्रतीत प्रत्येक लग्नासमोर तारीख, पॅरिश आणि त्या नोंदीत आडनाव जसं लिहिलंय तसंच उतरवा: एका ओळीत रुआ, पुढच्या ओळीत रुआ दी देझार्दँ, खाली किंग. सगळीकडे किंग करू नका. तसं केलंत तर पुढे कुणालाच मूळ पान सापडणार नाही. बायकांची आडनावं माहेरची.

आणि कागद मधेच तुटले, तर चुलतभावाच्या पत्रावरचा पत्ता कामाला येईल. त्याच्या वंशातला, बापाकडून बापाकडून देझार्दँ असलेला पुरुष शोधा. तो तयार असेल तर त्याची आणि सासऱ्यांची वाय-डीएनए चाचणी करून तुलना करा. ही चाचणी फक्त पितृवंश पाहते, आडनाव कितीही बदलो. साध्या, सगळ्या नात्यांच्या चाचणीवर इथे विसंबू नका. काही हजार मूळ कुटुंबांतूनच हा समाज वाढल्याने लांबचे नातलगही तिच्यात जवळचे दिसतात. वाय-डीएनए जुळलं तर दोघांचा पितृवंश एकच ठरेल. जुळलं नाही तर लोझिए आणि व्होअझीन घराण्यांकडे वळा, आणि सँ-पास्कालचं ते रजिस्टर पुन्हा पहिल्या पानापासून उघडा.